पुण्यात नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत घर घ्यावे का? तिथले रोजचे जगणे कसे असते?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त आपण पुण्यात येत आहात, आपले अंदाजपत्रक वाघोली, मांजरी, नऱ्हे किंवा सूस याच भागांत बसते, आणि ही सगळी गावे आता महापालिकेच्या हद्दीत आलेली असल्यामुळे तिथे राहणे आणि शहरात राहणे यांत काही फरक उरला आहे का. मी हडपसरच्या पलीकडे, मांजरीच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत काही वर्षे राहतो आहे आणि तिच्या व्यवस्थापन समितीवरही काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की फरक आहे, आणि तो सर्वांत आधी दिसतो तो दरमहाच्या देखभाल खर्चाच्या बिलात.

आधी हद्दीविषयी थोडे. पुणे महापालिकेत 1997 मध्ये 38 गावे घेतली गेली, पुढे त्यांतली 15 वगळून 23 ठेवली गेली. आज ज्यांच्याकडे बोट दाखवून विक्री कार्यालयातले लोक 'आपला भागही असाच होणार' असे सांगतात, ती बाणेर, बालेवाडी, खराडी त्याच 23 मधली. त्यानंतर 2017 मध्ये 11 गावे आली आणि 30 जून 2021 रोजी आणखी 23 गावे आली. त्यांत वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी ही आपण विचारलेली आणि त्यांच्या आसपासची बहुतेक सगळी येतात. त्या एका निर्णयाने महापालिकेचे क्षेत्र सुमारे 516 चौरस किलोमीटर झाले आणि क्षेत्रफळात तिने मुंबईलाही मागे टाकले. तथापि बाणेर-बालेवाडीचाच इतिहास पाहिला तर हद्दीत येणे आणि सोयी मिळणे यांत किती काळ जातो ते कळते. त्या गावांच्या टेकड्या मोकळ्या राखण्यासाठी ठेवलेल्या जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाचा वाद 2015 पर्यंत चालू होता, आणि पाण्याअभावी तिथे नवी बांधकामे थांबवावीत यासाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तेव्हा 'असाच होणार' हे विधान खोटे नाही, फक्त त्यातला 'कधी' कोणी सांगत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्याकडच्या कोणत्याही सर्वसाधारण सभेत इतर विषयांना शेवटी अर्धा तासच उरतो. हिशेब साधा आहे. माणशी दररोज 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरले आणि 200 सदनिकांत सरासरी चार माणसे मानली, तर दिवसाला एक लाख आठ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. विंधन विहिरींतून त्यातले काही निघते, पावसाळ्यानंतर बरे निघते, मार्चपासून आटत जाते. उरलेले विकत घ्यावे लागते. पहाटे फाटकापाशी टँकर उभा राहिला की सुरक्षारक्षक वहीत गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहितो, टँकर काठोकाठ भरलेला आहे की नाही हे वरचे झाकण उघडून विजेरीने पाहतो, क्षारांची तपासणी करणारे पेनासारखे यंत्र पाण्यात बुडवून आकडा टिपतो आणि मग चालकाची सही घेतो. ही वही आमच्या सोसायटीतला सर्वांत जास्त वाचला जाणारा दस्तऐवज आहे. महिनाअखेरीस खजिनदार ती पुरवठादाराच्या बिलाशी ताडून पाहतात आणि दोहोंत फरक निघाला नाही असा महिना विरळा.

त्या बिलाची विभागणी कशी करायची, हा पुढचा वाद. गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार सदनिकेतल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो, तर सेवाशुल्क सर्वांना समान असते. मात्र पुण्यात पुष्कळ इमारतींची नोंदणी अपार्टमेंट कायद्याखाली झालेली असते आणि तिथे खर्चाची वाटणी अविभक्त हिश्शाच्या, म्हणजे सामाईक मालकीतल्या प्रत्येक घराच्या वाट्याच्या प्रमाणात होते, म्हणजे मोठ्या घराला जास्त. तीन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या आजी आणि एका खोलीत राहणारी पाच मुले यांच्यात पाण्याच्या बिलावरून जी बोलाचाली होते, तिचे मूळ बहुधा या नोंदणीतच असते. घर घेताना संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदली जाणार आहे, हे मजल्यावरच्या फरशीइतक्याच बारकाईने विचारावे असे माझे मत आहे. बहुतेक जण फरशीच विचारतात.

यात महापालिकेचे पाणी कुठे आहे, असे आपण विचाराल. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट, आहे. त्यात शहराबरोबरच दौंड-इंदापूरकडच्या शेतीचाही वाटा आहे. शहराचा वाटा किती असावा यावरून महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात दरवर्षी खडाजंगी होते, कारण लोकसंख्येचा आकडा कोणता धरायचा यावरच एकमत नसते. पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून पाणी आणण्याची योजना 2021 च्या सुरुवातीला सुरू झाली आणि तिच्यामुळे नगर रस्त्याकडच्या काही भागांची स्थिती खरोखर सुधारली, हेही सांगायला हवे. परंतु धरणात पाणी असणे, ते शुद्धीकरण केंद्रात येणे, तिथून साठवण टाकीपर्यंत येणे आणि टाकीतून आपल्या गल्लीतल्या वाहिनीत येणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि समाविष्ट गावांत साधारणतः शेवटच्या दोन अपुऱ्या असतात. याचा सर्वांत कडवट दाखला जानेवारी 2025 मध्ये मिळाला. गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण ज्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात मोठ्या संख्येने आढळले, तो पट्टा खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहे, आणि तिथल्या घराघरांत जाणाऱ्या विहिरीच्या पाण्याच्या शुद्धतेवर तेव्हा प्रश्नचिन्ह लागले. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहून शुद्ध पाण्यासाठी झगडावे लागावे, ही स्थिती निसर्गाने आणलेली नाही.

बांधकाम परवानगी देताना मग पाण्याचे काय पाहिले जाते? अशा भागांत विकसकाकडून हमीपत्र घेतले जाते की सार्वजनिक पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत रहिवाशांना पाणी तो पुरवील. व्यवहारात इमारत सोसायटीच्या ताब्यात दिली की टँकरचा खर्चही सोसायटीच्याच गळ्यात येतो. आमच्या विकसकाने दिलेले हमीपत्र आम्हाला मिळवता आले, पण त्यातल्या भाषेचा अर्थ त्याच्या वकिलांनी एक लावला आणि आमच्या वकिलांनी दुसरा. शेजारच्या एका सोसायटीने मात्र ताबा घेण्याआधीच पाण्याच्या खर्चाची रक्कम करारात लिहून घेतली आणि ती पुष्कळ सुखात आहे.

रस्त्यांचे दुखणे निराळे आहे. विकास आराखड्यात 18 किंवा 24 मीटरचा रस्ता आखलेला असतो, दोन्ही टोकांना तो झालेलाही असतो आणि मध्येच दीडशे फूट उसाचे शेत किंवा पत्र्याची शेड असते. त्या जमिनीच्या मालकाला बाहेरचे लोक खलनायक ठरवतात, पण त्याची बाजू ऐकण्यासारखी आहे. त्याला देऊ केला जातो तो हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क, आणि त्याला हवा असतो रोख मोबदला, कारण ज्याच्याकडे दोनच एकर उरली आहेत त्याने कागदावरचे चटईक्षेत्र घेऊन बाजारात कोणाच्या दारी जायचे? कात्रज-कोंढवा रस्त्याचे उदाहरण पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. तो 84 मीटर रुंद करायचे ठरले होते, भूसंपादन होईना म्हणून अखेर 50 मीटरवर यावे लागले आणि तरीही काम वर्षानुवर्षे रेंगाळले. आपण पाहत असलेल्या गृहप्रकल्पापर्यंत जाणारा रस्ता आज खाजगी जमिनीतून, कोणाच्या तरी तोंडी परवानगीवर जात असेल, तर पावसाळ्यात किंवा भाऊबंदकीचा वाद उद्भवल्यावर काय होते ते आमच्या भागातल्या स्कूलबसच्या चालकांना विचारावे.

नदीविषयी जाहिरातींत 'रिव्हर व्ह्यू' असे लिहिलेले असते. मुळा-मुठा संगमानंतर आमच्याकडे येते तोवर शहराचे बरेचसे सांडपाणी तिच्यात मिसळलेले असते. हिवाळा सरताना जलपर्णी पसरते, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडी या नदीकाठच्या भागांवर कीटकांचे थवे वावटळीसारखे घिरट्या घालताना सगळ्या देशाने चित्रफितींत पाहिले. नदीकडच्या बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजलेले माझे एक शेजारी वर्षातले तीन महिने ती बाल्कनी उघडत नाहीत.

एवढे वाचून आपल्याला वाटेल की इथे कोणी राहूच नये. तसे नाही. माझ्या घरापासून काही मिनिटांवर मांजरीचा उपबाजार आहे, जिथे आसपासचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन येतात, आणि त्यामुळे आमच्याकडच्या हातगाडीवर मिळणारी मेथी पेठांतल्या मेथीपेक्षा अर्ध्या दिवसाने ताजी असते. आषाढीच्या वाटचालीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाकडे आणि तुकाराम महाराजांची लोणी काळभोरकडे जाते, त्या दोन वाटा हडपसरला वेगळ्या होतात. त्या दिवशी सोसायट्यांतली मंडळी आणि गावातली मंडळी एकाच मांडवाखाली चहा आणि केळी वाटत असतात. एरवी या दोघांत अंतर असते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गावातल्या जुन्या घरांना वाटते की सोसायटीवाल्यांनी गर्दी आणली, भाव वाढवले आणि सप्ताहाच्या ध्वनिक्षेपकाबद्दल पोलिसांत तक्रारी केल्या. सोसायटीवाल्यांना वाटते की रस्त्यावरचे मंडप आणि टँकरचा धंदा दोन्ही गावातल्याच लोकांच्या हातात आहे. दोन्हींत तथ्य आहे. मात्र टँकरवाल्याचा दर वाढला तेव्हा तडजोड करून दिली ती गावातल्या एका माजी सरपंचांनीच, आणि आमच्या समितीतले उच्चशिक्षित सदस्य तोवर नुसती पत्रे लिहीत होते.

सरपंचांचा उल्लेख आला म्हणून कारभाराविषयीही लिहितो. ग्रामपंचायत असताना दिवा बंद पडला तर कोणाच्या ओसरीवर जायचे हे माहीत होते. गावे महापालिकेत आली आणि वर्षभराच्या आत, मार्च 2022 मध्ये, महापालिकेचीच मुदत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. म्हणजे इथल्या लोकांची ग्रामपंचायत गेली आणि तेवढा काळ तिच्या जागी निवडून दिलेले कोणी आलेच नाही. त्यात नव्या 23 गावांचे नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आणि कचरा, दिवे, पाणी महापालिकेकडे अशी विभागणी झाल्यामुळे, इमारतीला परवानगी देणारे कार्यालय आणि त्या इमारतीला पाणी पुरवणारे कार्यालय वेगवेगळे राहिले. मिळकतकर ग्रामपंचायतीच्या दरावरून टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरावर न्यायचा, असे धोरण असले तरी सोयींआधी कराची देयके आली ही तक्रार सर्वत्र आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे तर, आधीच शहराचा कचरा डेपो वर्षानुवर्षे सोसलेली, या नाराजीतून महापालिकेतून बाहेर पडली आणि 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. आपण स्वतः राहण्यासाठी घर घेतलेत तर मिळकतकरातील 40 टक्के सवलतीसाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो, तो विसरू नये. पुष्कळ नवे रहिवासी तो विसरतात आणि मग जास्तीचा कर भरून बसतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. घर घ्यायला हरकत नाही, पण पाहायचा क्रम उलटा ठेवावा. नमुना सदनिका सर्वांत शेवटी पाहावी. आधी शेजारच्या, ताबा मिळून तीन-चार वर्षे झालेल्या इमारतीतल्या सचिवांना भेटून एप्रिल-मे महिन्यांतली देखभाल खर्चाची बिले मागावीत, आणि ती टँकरच्या खर्चासह धरून त्यावरून आपला दरमहाचा खरा हप्ता काढावा. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद पाहताना पोहोच रस्ता आणि पाणीपुरवठा यांविषयी विकसकाने काय लिहिले आहे ते वाचावे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला, पूर्ण इमारतीचे आहे की काही मजल्यांचे, हेही पाहावे. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प दाखवा म्हटल्यावर तो चालू स्थितीत दाखवतात की नुसती खोली उघडून दाखवतात, यावरून व्यवस्थापनाविषयी बरेच कळते. आणि शक्य असेल तर आधी त्याच भागात वर्षभर भाड्याने राहावे, निदान असे की त्यात एक मे महिना आणि एक जुलै महिना येईल. भाडे वाया गेले असे घरचे म्हणतील, पण वाघोलीत जुलैच्या पावसात नगर रस्त्यावर अडकून पडल्याखेरीज आपल्याला तिथून कार्यालयात रोज जाणे झेपेल की नाही, हे कोणाला विचारून कळणार नाही.