वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातलं खत आणि खानावळीचं उष्टं

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आहेत. दोनशे लिटरच्या दोन ड्रममध्ये खत करतो. उन्हाळ्यात ठीक चाललं होतं. पाऊस लागल्यापासून घाण वास सुटलाय, अळ्या भिंतीवर चढतात. लोक ड्रम काढा म्हणतात. काय चुकतंय?

उत्तर : ड्रम काढू नका, तुम्हाला कोरडा माल, म्हणजे पाचट, भुसा असलं काही, कमी पडतोय. भाजीची देठं, फळांची सालं, शिळा भात यांत बहुतांश पाणीच असतं. उन्हाळ्यात ते उडून जायचं. आता ते पोकळीत साचतं, हवा संपते आणि हवेविना जगणारे जिवाणू माल नासवतात. वास नाकाला झोंबणारा, अमोनियाचा असेल तर कोरडं वाढवलं की भागतं. नासक्या अंड्यासारखा असेल तर ड्रम रिकामाच करावा लागेल : छपराखाली ताडपत्रीवर पसरा, जेवढा माल तेवढंच कोरडं मिसळा, परत भरा.

पुढे रोज एक बादली ओल्याला दीड बादली कोरडं. वजन करत बसू नका, बादलीचाच हिशेब ठेवा. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर माल घट्ट पिळला की बोटांत एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ओल जास्त.

कोल्हापुरात कोरड्याची ददात नसावी. शेतात पाचट आहे, रसवंतीवर चिपाडं आहेत. पण ताजी चिपाडं गोड असतात, मुंग्या आणि माश्या ओढतात. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून कडबाकुट्टीतून, म्हणजे चारा कापायच्या यंत्रातून, काढा. हे काम एप्रिल-मेमध्येच उरकून पोती भरून ठेवायची, कारण पावसात चिपाडं वाळत नाहीत. यंदा वेळ गेली असेल तर सुताराकडचा भुसा आणा, प्लायवूडचा मात्र नको. नुसता भुसा दाबून बसतो, त्यात पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा.

अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या चावत नाहीत, उलट उष्टं फस्त करतात. प्रत्येक थरावर दोन इंच कोरडं टाकलं की त्या कमी होतील.

आणि दोन ड्रम पुरणारच नाहीत. २४ घरांतून रोज १२-१५ किलो ओला कचरा निघतो, ड्रम आठवड्याभरात भरतो, खताला दोन महिने लागतात. नऊ-दहा ड्रम हवेत.

प्रश्न : माझी मटणाची खानावळ आहे, सकाळी मिसळही असते. उरलेला रस्सा, कट, हाडं खतात टाकली तर चालतील का?

उत्तर : नाही. तेलाचा थर मालावर बसला की हवा आत जात नाही. हाडं महिनोन् महिने तशीच राहतात आणि कुत्री-घुशी येतात. हाडं वेगळ्या डब्यात ठेवून पालिकेच्या गाडीत द्या. रस्सा गार झाला की वरची तर्री काढून तेल निराळं करा.

भात, भाकरी, भाजी यांसाठी तुम्हाला छोटी बायोगॅसची टाकी जास्त सोयीची. दहा किलो उष्ट्यातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचं काम. सुरुवातीला टाकीत फक्त शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, भरा. गॅस निळ्या ज्योतीने पेटू लागला की मगच उष्टं वाटून, तेवढंच पाणी घालून, थोडं-थोडं वाढवा. घाई केली की टाकी आंबते आणि ज्योत विझते. तसं झालं तर आठवडाभर उष्टं बंद ठेवून शेणकाला घाला. मिसळीच्या लिंबाच्या फोडी टाकीत नकोत. सालीतलं तेल गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं.