‘ड्राय’ वाईन कोरडी कशी?

गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत ‘कोरडी वाईन’ असा मराठी फलक पाहून नाशिकच्याच एका ताईंनी विचारलंय: पातळ पदार्थ कोरडा कसा असेल? आणि ड्राय फ्रूट म्हणजे सुकामेवा, तर ही ‘सुकी वाईन’ का नाही?

ताई, इंग्रजीतला ‘ड्राय’ दरवेळी पाण्याबद्दल बोलत नाही. काहीतरी नाही, एवढंच तो सांगतो. काय नाही ते शेजारच्या शब्दावरून कळतं. १५ ऑगस्टच्या ड्राय डेला दारूविक्री नाही. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडे चांगले भिजतात, पण पाण्यात नव्हे, रासायनिक द्रावकात. निफाडच्या ज्या ड्राय पोर्टची आपल्याकडे इतकी वर्षं चर्चा आहे, त्याला समुद्र नाही.

वाईनमध्ये नाही ती साखर. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. जवळजवळ सगळी साखर संपेपर्यंत रस आंबू दिला की वाईन ड्राय होते. मध्येच थांबवलं तर गोडवा उरतो.

आता हेच द्राक्ष बेदाण्याच्या शेडमध्ये न्या. तिथे पाणी उडून जातं आणि साखर राहते. वाईनमध्ये साखर जाते, पाणी राहतं. अगदी उलट! तरी इंग्रजीत दोन्हीकडे ‘ड्राय’च. मराठी मात्र इथे नेमकी आहे. अंगचा ओलावा गेला की आपण ‘सुकं’ म्हणतो: सुकं खोबरं, सुकी मासळी, सुक्या मिरच्या. ओल मुळात नाही किंवा पोचलीच नाही, तर ‘कोरडं’: कोरडवाहू जमीन, कोरडी विहीर, कोरडा दुष्काळ. सीमेवर सरमिसळ होते, खोकला कोरडाही असतो आणि सुकाही, पण बेदाण्याला कोरडं द्राक्ष कुणी म्हणणार नाही.

पातळ पदार्थाच्या नावात ‘कोरडं’ आपल्याकडेही आहे बरं का. आमची आजी भाकरीबरोबरच्या कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणायची. वाटीभर पातळ रस्सा, आणि नाव कोरड्यास! पण तिथे कोरडी असते ती भाकरी. तिच्यासोबत खायचं ते कोरड्यास.

म्हणून ‘सुकी वाईन’ तर चूकच, आणि ‘कोरडी वाईन’ही मला पटत नाही. एक तर त्यातून साखरेचा पत्ता लागत नाही. दुसरं, रेड वाईनच्या घोटाने जीभ आखडते, कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड कोरडं पडतं. फलक वाचणाऱ्याला वाटणार, ‘कोरडी’ म्हणजे हेच. तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, साखर असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. व्हाईट वाईन ड्राय असूनही तुरट नसू शकते.

बोलताना ‘ड्राय वाईन’ खुशाल म्हणा, रुळलेला शब्द आहे. फलकावर मराठीच हवं असेल तर मी ‘बिनगोड वाईन’ लिहीन. बिनसाखरेचा चहा मागणाऱ्याला ते लगेच कळेल.