खर्रा सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नागपुरात अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास बसावे लागते, दुपारी डोळ्यांवर झापड येते, म्हणून मित्रांबरोबर खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण, सुरू झाला आणि आता दिवसाला सहा खर्रे होतात, असे तू लिहिले आहेस. दोनदा सोडून पाहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पाय टपरीकडे वळले, तेव्हा आपल्यात इच्छाशक्तीच नाही, असा निष्कर्ष तू काढला आहेस. हा निष्कर्ष मला मान्य नाही. दोन्ही वेळा नेमका तिसराच दिवस का आला, हा प्रश्न तू स्वतःला विचारायला हवा होतास, कारण त्याचे उत्तर तुझ्या स्वभावात नसून निकोटीनच्या गुणधर्मात आहे.

दहावीत आपण आम्ल आणि आम्लारी शिकलो होतो, ते आठव. तंबाखूतील निकोटीन आम्लधर्मी माध्यमात क्षाररूपात अडकून राहते आणि तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून सहज पार होत नाही; चुना मिसळला की माध्यम आम्लारीधर्मी होते, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतून थेट रक्तात उतरते. तंबाखू मळणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण चुन्याशिवाय ‘लागत’ नाही, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते. रक्तात उतरलेले हे निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. ते ओसरू लागले की मेंदूतील ज्या जागांवर ते जाऊन बसते, त्या रिकाम्या होतात आणि पुन्हा मागणी करू लागतात. त्या मागणीलाच आपण तलफ म्हणतो. रोज खाणाऱ्याच्या मेंदूत या जागांची संख्याही वाढलेली असते. त्यामुळे सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास शिगेला पोहोचतो, त्यानंतर तो उतरणीला लागतो आणि बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत पुष्कळ बरे वाटते. म्हणजे दोन्ही वेळा तू घाट जवळजवळ चढून गेला होतास आणि माथ्यावरून परत फिरलास. पुढे उतार आहे, हे तुला कोणी सांगितले नव्हते.

खर्र्याने डोके चालते, असेही तू लिहिले आहेस. मीही हेच म्हणत असे. डी.एड.च्या वसतिगृहात लागलेली तंबाखू मी एकोणीस वर्षे खाल्ली. दोन तासिकांच्या मधल्या वेळेत शाळेच्या मागच्या भिंतीकडे जाऊन बार भरायचा आणि मग वर्गात जायचे, हा माझा नेम होता, आणि आपण त्यामुळेच उत्साहाने शिकवतो अशी माझी खात्री होती. सोडल्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की, तो उत्साह तंबाखू देत नव्हती. आधीच्या बारचा अंमल उतरल्यामुळे जो जडपणा येई, तो पुढचा बार तेवढा दूर करी. अभ्यासिकेत दर दोन तासांनी तुला जी सुस्ती येते, तिच्यातील बराचसा भाग खर्र्यानेच निर्माण केलेला आहे. माझी आई रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करीत असे आणि त्या घरात व्यसन फक्त पुरुषांना असते असे सगळे मानीत. तिचे दुखरे दात आणि मिश्री मिळाली नाही की चढणारे तिचे डोके यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले, आणि त्याची खंत अजून जात नाही.

आता सुपारीविषयी, कारण खर्र्यात सर्वांत जास्त भाग तिचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. सुपारीमुळे गालाच्या आतील पडदा हळूहळू राठ आणि पांढुरका होतो, तिखट सोसत नाही, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. आज आरशासमोर उभा राहून आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहा. जात नसतील, किंवा तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम अथवा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर परीक्षेची तारीख न पाहता शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दाखवून ये. राठ झालेला पडदा पूर्ववत होणे कठीण असते. खाणे थांबवले तर पुढचे नुकसान मात्र रोखता येते. म्हणूनच ‘तंबाखू सोडतो आणि नुसती सुपारी खातो’ ही तडजोड मी तुला करू देणार नाही. अनेक जण याच वाटेने जातात आणि आपण सुटलो असे समजतात.

गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर समोर घोटून दिल्या जाणाऱ्या खर्र्याने त्याची जागा सहज भरून काढली. तंबाखूच्या छापील पाकिटावर निदान धोक्याचे चित्र असते, आणि 2018 पासून सोडण्यासाठी मदत करणाऱ्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांकही असतो. खर्रा ज्या प्लास्टिकच्या कोऱ्या पन्नीत बांधून मिळतो, तिच्यावर यातले काहीच नसते. म्हणून तो क्रमांक मी येथे लिहिला आहे, तो वहीत उतरवून घे.

सोडण्याची तारीख लगेच ठरवू नकोस. आधी एक आठवडा नेहमीप्रमाणे खा, पण प्रत्येक खर्र्याची वेळ, जागा आणि सोबतीला कोण होते, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल, तर शरीराचे अवलंबन बऱ्यापैकी आहे असे समज आणि औषधाची मदत घ्यायला संकोच करू नकोस. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन मिळते, आणि निकोटीनची चघळण्याची गोळी किंवा त्वचेवर लावायची पट्टी तुला योग्य आहे का, हेही तेथील डॉक्टर सांगतील. गोळी चुईंगमसारखी सतत चघळायची नसते. तोंडात झिणझिण्या येईपर्यंत चावायची, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावायची, असे अर्धा तास चालते. तिच्या आधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना कॉफी, लिंबू सरबत किंवा शीतपेय घेऊ नये. का, ते तुला आता सांगावे लागणार नाही. चुना जे करतो, त्याच्या नेमके उलट आम्ल करते. तोंड नीट उघडत नसेल तर गोळीऐवजी पट्टीचा विचार करावा लागेल.

तुझ्या टिपणांत एक गोष्ट तुला नक्की दिसेल. खर्रा एकट्याने क्वचितच खाल्ला जातो. एकाने पन्नी उघडली की ती सर्वांपुढे फिरते आणि नाही म्हणणे हे मैत्रीला नाही म्हटल्यासारखे वाटते. मला वाटते की, तुझ्या बाबतीत निकोटीनपेक्षा ही फिरती पन्नी अधिक अवघड ठरेल. म्हणून आदल्या दिवशी मित्रांना स्पष्ट सांग की मी थांबवत आहे, महिनाभर माझ्यापुढे पन्नी करू नका. त्यांच्यापैकी एकजण तरी मनातून हेच करू इच्छित असेल. तो सापडला तर दोघे मिळून सोडा. अभ्यासिकेतून जेवायला जाण्याची वाट बदल, चार पावले जास्त पडली तरी चालतील.

तलफ आली की घड्याळ पाहा. ती सहसा काही मिनिटांत चढते आणि ओसरते, तू तिला दाद दे अथवा न दे. तेवढा वेळ जागेवरून ऊठ, पाणी पी, जिना उतरून वर ये, बडीशेप किंवा भाजलेले जवस तोंडात टाक. वाळवलेली आवळ्याची फोडही चांगली, पण गोळी तोंडात असताना नको. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल, झोप मोडेल, धड्यावर लक्ष टिकणार नाही आणि सकाळी पोट साफ होणार नाही. या शेवटच्या तक्रारीपायी कितीतरी लोक पुन्हा तंबाखूकडे वळलेले मी पाहिले आहेत. निकोटीन आतड्यांना चालना देत असते आणि ते बंद झाल्यावर आतड्यांना आपली लय सापडायला दिवस लागतात. पाणी, पालेभाज्या, पेरू आणि सकाळचे चालणे यांवर ते निभावते. हे दिवस पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात येणार नाहीत, अशी तारीख निवड.

एखादा खर्रा मध्येच खाल्ला गेला तर ‘सगळे वाया गेले’ म्हणून दुसरा खाऊ नकोस. तो कुठे आणि कोणाबरोबर खाल्ला, ते वहीत लिही आणि पुढच्या तासापासून पुन्हा थांब. मी तिसऱ्या प्रयत्नात सुटलो. पहिल्या दोन प्रयत्नांत मला कळले होते की, लग्नाच्या पंगतीनंतर मी हमखास घसरतो. तिसऱ्या वेळी सहा महिने जेवण झाले की मी मंडपातून सरळ घरी येत असे.

पत्राच्या शेवटी तू मामांच्या दारूविषयी विचारले आहेस. ते सकाळी उठल्याबरोबर पितात आणि नाही मिळाली तर हात थरथरतात, म्हणून घरचे त्यांना चार दिवस खोलीत बंद ठेवण्याच्या विचारात आहेत. हे कृपा करून होऊ देऊ नकोस. खर्रा अचानक थांबवल्याने जीव जात नाही. इतक्या अवलंबनानंतर दारू अचानक थांबवली तर पहिल्या दोन दिवसांतच झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते, आणि त्यात मृत्यूही ओढवतो. त्यांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊनच थांबवावी लागेल. तोवर घरच्यांनी ती एकाएकी तोडू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात त्यांना घेऊन जा. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांत पुढची दीर्घ वाटचाल होऊ शकते, आणि तेथे घरच्या माणसांनाही सोबत घेतले जाते. तुझ्या मामींना त्याची गरज मामांइतकीच आहे, असे मला तुझ्या पत्रावरून वाटले.

आठवड्याची टिपणे पूर्ण झाली की मला त्यांचे छायाचित्र पाठव आणि ठरवलेली तारीख कळव. तिसऱ्या दिवशी मी घरीच असेन. रात्री कितीही वाजता फोन केलास तरी चालेल.

तुझा शुभचिंतक,
तुझे सर