आकडा दिसतो, पण नंबर नाही

प्रश्न : एफवायला स्टॅट्स घेतलंय. पिनकोड आकड्यातच असतो ना, मग तो कॅटेगोरिकल, म्हणजे गट सांगणारा, कसा? आणि तापमान?

उत्तर : अगं, सरासरी काढून बघ की! पुण्याचा ४११०३० आणि नागपूरचा ४४००१०, मधला येतो ४२५५२०, आता त्याचं करायचं काय? पिनकोड म्हणजे नुसतं लेबल, पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, एमपी, छत्तीसगडचा, म्हणून हा कॅटेगोरिकल, त्यातही नॉमिनल, म्हणजे नावापुरता. तापमानाची गंमत वेगळी, वजाबाकी चालते पण ४० डिग्री सेल्सिअस म्हणजे २० च्या दुप्पट गरम असं नाही, फॅरेनहाइटमध्ये तेच १०४ आणि ६८ होतात, मग दुप्पट गेलं कुठे? शून्यच आपण ठरवलेला ना, म्हणून इंटरव्हल. वजनाचा शून्य खरा, तिथे दुप्पट चालतं, ते रेशो. परीक्षेतल्या ग्रेड ऑर्डिनल, म्हणजे क्रम कळतो, नेमका फरक नाही. ही चौकडी स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली. आणि हो, एक्सेलमध्ये पिनकोडचा कॉलम टेक्स्टच ठेव.