वाचकांचे प्रश्न : बाळाची नजर आणि मेंदूतली प्रथिनं

प्रश्न : भाचीच्या पाच आठवड्यांच्या बाळाच्या एका डोळ्यात दाट मोतीबिंदू निघाला. डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करा म्हणतात. घरातली वडीलधारी म्हणतात, बाळ जरा अंग धरू दे. मोतीबिंदू पुढेही काढता येतोच, मग एवढी घाई कशाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : डॉक्टरांचं ऐका आणि याच आठवड्यात तारीख घ्या. मोतीबिंदू पुढेही निघेल, पण मेंदूतली त्या डोळ्याची जागा तोवर दुसऱ्या डोळ्याने बळकावलेली असेल. ह्यूबेल आणि वीझल या मेंदू-शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांजराच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. पुढे ती उघडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ सगळ्या पेशी फक्त दुसऱ्याच डोळ्याला दाद देत होत्या. मोठ्या मांजरात असं होत नाही.

यामागे प्रथिनांचं बदलतं प्रमाण आहे. चेतापेशींच्या जोडण्यांवर एनएमडीए ग्राहक, म्हणजे संदेश मिळाला की उघडणारी प्रथिनांची दारं, असतात. सुरुवातीला त्यांत ‘२बी’ हा घटक जास्त असतो. असा ग्राहक जास्त वेळ उघडा राहतो आणि जोडण्या सहज बदलतात. नजरेचा अनुभव मिळू लागला की ‘२ए’ वाढतो आणि ग्राहक लवकर मिटू लागतो. पेशींना आवर घालणारी गाबा यंत्रणाही याच काळात पक्व होते. पुढे तिच्या पेशींभोवती साखर-प्रथिनांची जाळी विणली जाते, मग फेरबदल अवघड होतात. पूर्ण अंधारात वाढलेल्या प्राण्यांत हे सगळं लांबतं. तुमच्या बाळाचा दुसरा डोळा मात्र पाहतो आहे, त्यामुळे मेंदू थांबून राहणार नाही.

एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात. चार आठवड्यांच्या आत काढला तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून त्याहून घाई करत नाहीत.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी, हे काही वर्षं चालतं. मूल रडतं म्हणून पट्टी सुटते आणि केलेलं वाया जातं. पट्टी त्वचेलाच चिकटवा. चष्म्यावर फडकं बांधलं तर मूल कडेने बघतं. तास आपल्या मनाने वाढवू नका, चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते.

प्रश्न : काळी-पांढरी चित्रं दाखवून बाळाच्या मेंदूतली ही प्रथिनं वाढवता येतात का? (एक आई, नाशिक)

उत्तर : त्याची गरज नाही. डोळे निरोगी असतील तर घरातला उजेड आणि माणसांचे चेहरे पुरतात. डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, किंवा तीन-चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा राहिला, तर लगेच दाखवा.

प्रश्न : अंधारात वाढवलेल्या रॅटच्या पिल्लांत २ए मोजते आहे. काही पिल्लांना प्रकाश दाखवला, तरी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून, पटलावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) दोन्ही गट सारखेच येतात. काय चुकतं? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आधी खोली तपासा. अशा पिल्लांत दोन तासांच्या आत २ए वाढू लागतो, त्यामुळे दाराची फट किंवा पिंजरा बदलताना लागलेला दिवाही तुलना बिघडवतो. कामं इन्फ्रारेड चष्म्याने करा. भूल अंधारातच द्या आणि डोळे झाकूनच पिल्लू बाहेर आणा.

नंतर नमुना. अख्खी ऊती वाटली की जोडण्यांवरचा फरक बुजतो. सिनॅप्टोन्यूरोसोम, म्हणजे जोडण्यांचे तुटून निघालेले तुकडे, वेगळे काढा. २ए आणि २बी दोन्ही १८० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास येतात, म्हणून एकाच पटलावर आधीच्या अँटिबॉडीचा अंश उरला तर तोच पट्टा पुन्हा दिसतो. दोन वेगळे ब्लॉट करा. जेल ६ ते ७.५ टक्के, आणि वेट ट्रान्स्फर (जेलमधली प्रथिनं द्रावणात बुडवून पटलावर उतरवणं) ४ अंशांवर रात्रभर; घाईत एवढं मोठं प्रथिन जेलमध्येच अडकतं. जेलमध्ये १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम प्रथिन भरून संकेत प्रमाणात वाढतो का ते पाहा. वाढत नसेल तर तुमचे पट्टे संपृक्त आहेत आणि खरा फरक त्यातच दडपला जातो. त्याच पिल्लाच्या मेंदूचा पुढचा भागही सोबत चालवा. तिथेही तेवढाच फरक आला, तर तो नजरेचा नाही, जेलमध्ये नमुना कमी-जास्त भरण्यातला आहे.