सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रांसाठी वॉकीटॉकी जेमवरून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून) थेट घेता येतील का?

थेट नका घेऊ. उपकरणाआधी फ्रिक्वेन्सी बघा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून (ही शाखा रेडिओ फ्रिक्वेन्सी वाटून देते) फ्रिक्वेन्सी आणि परवाना मिळायला वेळ लागतो. तो अर्ज आधी टाका. परवाना न लागणारे संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये, अर्ध्या वॅटचे असतात. ते जळगावच्या मैदानात थोडंफार चालतील, पण सातपुड्यात डोंगर आडवा आला की संपलं.

म्हणून खरी खरेदी हॅण्डसेटची नाहीच, रिपीटरची आहे, म्हणजे उंचावर बसून एका संचाचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्राची. तो कुठल्या टेकडीवर बसेल, तिथे वीज आहे का, नसेल तर सोलर आणि बॅटरी किती, हे जागेवर फिरून ठरवा. पावसाळ्यात सलग ढग असतात, त्या हिशोबाने बॅटरी धरा.

स्पेसिफिकेशन एका कंपनीच्या कॅटलॉगवरून उतरवू नका, हरकत येते. निविदेतच पाच वर्षांची देखभाल, जादा बॅटऱ्या आणि बसवणी धरा. नाहीतर ३१ मार्चच्या घाईत खोकी येतात आणि कपाटात पडून राहतात. आमच्याकडे एका कार्यालयात तेच झालं, चार्जरसुद्धा पॅकबंद! बिल देण्याआधी प्रत्येक केंद्रातून बोलून चाचणी घ्या.