अमेरिकेत आनंदीबाईंना भेटायला कसं जायचं?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. मे ते ऑगस्ट आम्ही दोघं त्याच्याकडे असणार आहोत. नायगारा आणि वॉशिंग्टन त्याने ठरवून टाकलंय. मला इतिहासाची आवड, पन्हाळा-विशाळगड दोनदा पायी केलाय. पण शेजारी म्हणतात, अडीचशे वर्षांच्या देशात कसला आलाय इतिहास! तिकडे लोक जुन्या माणसांच्या कबरी बघत हिंडतात असं वाचलं होतं. ते मी घरात बोलले, तर सासूबाईंना अजिबात रुचलं नाही. जावं का? आणि जायचं तर सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, जरूर जा. आणि सुरुवात आपल्याच माणसापासून करा.

दसरा चौकातून जाताना सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत तुम्ही रोज बघत असाल. तिचं पूर्वीचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशींना नेमलं होतं. ११ मार्च १८८६ला त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या, पण परतल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर बाईंकडे पाठवली. या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी अनोळखी मुलीला आपलं घर उघडून दिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मावशीने ती रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीच्या जागेत ठेवली. वर दगड उभा केला.

मी मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथे गेलो. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आनंदीबाईंचा धडा दरवर्षी घेतला, आणि तो दगड सापडायला मला पाऊण तास लागला. चढउताराची, मोठमोठ्या झाडांची जागा आहे, बागेसारखी. शेवटी ऑफिसात जाऊन आडनाव सांगितलं. तिथल्या बाईंनी नकाशावर पेनाने गोल करून दिला, पण तो ‘कार्पेंटर’ या नावावर होता. मी इतका वेळ ‘जोशी’ शोधत होतो. सगळ्या इंग्रजी नावांच्या मधोमध आपल्या मुलीचं नाव वाचलं आणि मला तिथे गवतावर बसावं लागलं. तुम्ही जाल तेव्हा ऑफिसची वेळ आधी फोन करून विचारा आणि ‘कार्पेंटर’ हेच नाव सांगा.

आता शेजाऱ्यांच्या अडीचशे वर्षांचं. न्यूयॉर्कात वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्च आहे. त्याच्या अंगणात रिचर्ड चर्चर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाचा दगड आहे, साल १६८१. त्याच वर्षी जानेवारीत रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. दगडाच्या मागच्या बाजूला जायला विसरू नका. तिथे पंख लावलेलं वाळूचं घड्याळ आणि खाली कवटी नि हाडं कोरली आहेत. वेळ उडून चालली, असं अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. तुम्ही कोल्हापूरजवळच्या बीड गावी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, पाहिले असतील तर ही भाषा लगेच उमगेल. वीरगळ आपण खालून वर वाचतो, खाली लढाई, मग अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. तिकडच्या दगडांवरही जुन्यात पंखांची कवटी, पुढे तिच्या जागी पंखांचा गोंडस चेहरा, आणि त्याहून पुढे अस्थिकलश नि झुकलेलं झाड. मरणाकडे बघण्याची नजर शंभर-दीडशे वर्षांत कशी मऊ होत गेली, ते साल न वाचताही कळतं.

काळसर पाटीच्या दगडावरची अक्षरं टिकली आहेत, पांढऱ्या संगमरवरावरची पावसाने खाल्ली. पुसट दगड सकाळी किंवा उतरत्या उन्हात बघा, तिरप्या उजेडात अक्षर उठून येतं. त्यावर खडू किंवा पीठ चोळू नका, दगड खराब होतो.

त्याच अंगणात अलेक्झांडर हॅमिल्टन आहे, दहा डॉलरच्या नोटेवरचा. १८०४ साली उपराष्ट्राध्यक्षाबरोबरच्या पिस्तुलाच्या द्वंद्वात गेला. बायको एलायझा पुढे पन्नास वर्षं जगली, तिचा दगड त्याच्या शेजारीच. त्याच्याभोवती गर्दी असते.

पण तिथून ब्रॉडवेने उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चालत ‘आफ्रिकन बरियल ग्राउंड’ला जा, हे मी आग्रहाने सांगतो. १६९७मध्ये ट्रिनिटीने आपल्या अंगणात काळ्या माणसांना पुरायला बंदी केली. मग गुलामांनी आपली माणसं गावाबाहेर पुरली. पुढे ती जमीन इमारतींखाली गेली आणि विसरली गेली. १९९१ साली सरकारी कचेरीचा पाया खणताना सांगाडे निघू लागले. एकूण ४१९ निघाले, त्यात लहान मुलं कितीतरी. त्या जागेत पंधरा हजारांवर माणसं असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. लोकांनी काम थांबवायला लावलं. २००३मध्ये घानात हाताने कोरलेल्या शवपेट्यांत त्यांना परत तिथेच पुरलं. आज गवताचे सात उंचवटे दिसतात. नाव एकाचंही नाही. हॅमिल्टनचा देश कुणाच्या घामावर उभा राहिला, ते या सात उंचवट्यांपाशी उभं राहिल्याशिवाय मला तरी नीट कळलं नव्हतं, पुस्तकं वाचून झाली होती तरी. मुलगा वॉशिंग्टनला नेईल तेव्हा माउंट व्हर्ननला जाऊन हेच पुन्हा बघा. जॉर्ज वॉशिंग्टनच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर त्याच्या गुलामांची दफनभूमी आहे.

फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनच्या सपाट दगडावर लोक नाणी टाकतात. दैव उघडतं म्हणे. नाणी पडून पडून दगडाला इजा झाली. तुम्ही टाकू नका, नुसता हात जोडा.

सासूबाईंना सांगा, आपण पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्यांच्या सावलीत बसतोच ना? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, तिथल्या लोकांनी नदीकाठी त्यांची छत्री जपलीय. परमुलखात गेलेल्या आपल्या माणसाला कुणी भेटायला आलं, तर त्यात अशुभ काय? त्यांचं समाधान होत नसेल तर घरी आल्यावर अंघोळ करा, त्यात काही बिघडत नाही.

पोकिप्सीचा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइनची गाडी धरायची, पोकिप्सी हे तिचं शेवटचं स्टेशन, दोन तास लागतात. दफनभूमीपर्यंत टॅक्सी करा. वेळ उरला तर जवळच हाइड पार्कला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि एलिनॉर घरच्या गुलाबाच्या बागेत विसावलेत, तेही होईल. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा, जवळजवळ सगळी वाट हडसन नदी सोबत असते.